कच्च्या डाखाची कहाणी

(नभोवाणीवर केलेलें भाषण)

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें राजे, लढाया, तह आणि किल्ले उभे राहतात. यंत्रांचा इतिहास सांगावयाचा झाला तरी आपण वाफेचें एंजिन, तारायंत्र, विमान अशा मोठमोठ्या वस्तूंचींच नांवें घेतों. आज मी ज्या वस्तूचा इतिहास आपणांस सांगणार आहें ती मोहरीच्या दाण्याहून फारशी मोठी नसते. पुष्कळदां त्याहूनहि लहान असते. ती वस्तु म्हणजे डाख. धातूचे दोन तुकडे एकमेकांस जोडणारा कथलाचा एवढासा थेंब! ज्या यंत्रांतून माझा आवाज आपण ऐकत आहां, त्या यंत्रांत असे शेंकडों थेंब आहेत. आणि त्यांतील एखादा जरी कच्चा निघाला तरी माझें हें भाषण मध्येंच बंद पडेल. तेवढ्यानें श्रोत्यांचें कांहीं मोठें नुकसान होईल असें मी म्हणत नाहीं. परंतु असाच एक कच्चा सांधा समुद्रापासून बत्तीस हजार फूट उंचीवर निघाला तर त्यांतून काय काय उद्भवतें, हेंहि मला आज सांगावयाचें आहे.

डाख हा शब्द आपल्या तांबट-कासारांच्या तोंडचा. पितळेच्या घागरीला भोंक पडलें कीं ती डाख लावण्यासाठीं कासाराकडे जात असे. विजेच्या कामांत आतां 'सोल्डर' हा शब्द रूढ झाला आहे, वस्तु एकच. डाखाविषयीं पुष्कळांची समजूत अशी असते कीं, खळीनें जसा कागद चिकटतो तसा डाखानें धातु चिकटतो. ही समजूत बरोबर नाहीं. तापलेल्या तांब्यावर वितळलेलें कथील पसरलें म्हणजे त्या दोहोंच्या सीमेवर तांबें आणि कथील यांचा मिळून एक नवाच संयुक्त पदार्थ अत्यंत पातळ थराच्या रूपानें तयार होतो. हा थर झाला तर सांधा झाला. थर झाला नाहीं तर कथील तांब्यावर नुसतें बसून राहतें. अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब बसावा तसें. पान हललें कीं थेंब ओघळला! सर्व कच्च्या डाखांचें मूळ बहुतेक या एका गोष्टींत आहे.

आतां हा थर व्हावा म्हणून दोन गोष्टी लागतात : उष्णता आणि स्वच्छता. कोणताहि तांब्याचा तुकडा हवेंत राहिला कीं त्यावर ऑक्साइडाचें पटल धरतें, आणि तापविल्यावर तर तें अधिकच वेगानें धरतें. या पटलावर कथील पसरत नाहीं. आपणांपैकीं जे वयानें प्रौढ आहेत त्यांनीं दारोदार येणारा कल्हईवाला पाहिला असेल. तो भात्यानें निखारे फुलवी, भांडें तापवी, त्यांत नवसागराची चिमूट टाकी. पांढरा धूर भस्सदिशीं वर येई. मग कथलाची कांडी टेकवून तो कापसाच्या बोळ्यानें कथील सर्वत्र फिरवी. तो नवसागर कशासाठीं? तर धातूवरील तें पटल काढून टाकण्यासाठीं. कल्हईवाल्यानें रसायनशास्त्राचें पुस्तक उघडलेलें नव्हतें. परंतु नवसागर विसरला तर कल्हई धरत नाहीं, हें त्याला पक्कें ठाऊक होतें. विजेच्या कामांत मात्र नवसागर चालत नाहीं. त्याचा अंश मागें राहिला तर दमट हवेंत तो बारीक तारांना कुरतडूं लागतो. म्हणून तेथें राळ वापरतात. चीडवृक्षाच्या चिकापासून निघणारी ही राळ तापली असतां आम्लासारखी वागून धातु साफ करते आणि थंड झाली कीं निरुपद्रवी होऊन बसते. पोटांत राळ भरलेली डाखाची तार रेडिओदुरुस्तीच्या प्रत्येक दुकानांत आपणांस दिसेल.

डाखाची विद्या फार जुनी. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत प्लिनी या रोमन ग्रंथकारानें शिशाच्या नळ्या जोडण्यासाठीं दोन भाग शिसें व एक भाग कथील यांचें मिश्रण वापरतात, असें लिहून ठेविलें आहे. शिसें ३२७ अंश सेंटिग्रेडवर वितळतें आणि कथील २३२ अंशांवर. या दोहोंचें मिश्रण कितीं अंशांवर वितळावें? कोणीहि म्हणेल, मधल्या कोणत्या तरी अंशावर. परंतु निसर्गाची गंमत अशी कीं, १०० भागांत ६३ भाग कथील व ३७ भाग शिसें घेतलें तर तें मिश्रण १८३ अंशांवरच वितळतें. म्हणजे दोहोंपेक्षांहि कमी उष्णतेवर. शिवाय तें एकदम पातळ होतें आणि थंड होतांना एकदम घट्ट होतें. ६० भाग कथील व ४० भाग शिसें घेतलें तर १८३ पासून सुमारें १९० अंशांपर्यंत तें पिठल्यासारखें अर्धवट राहतें; आणि नेमक्या त्याच क्षणीं कारागिराचा हात हलला तर सांधा आंतून भेगाळतो. वरून तो खडबडीत व निस्तेज दिसतो. तीनचार भागांचा हा फरक. पण त्यावर सांध्याचें आयुष्य अवलंबून असतें.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील रेडिओ आंतून पाहिला तर त्यांत तारांचें जाळें दिसे. प्रत्येक तार हातानें टोकाला गुंडाळावयाची, मग तिला डाख द्यावयाचा. कारखान्यांतून या कामावर बहुधा मुली बसविलेल्या असत. काम सावकाश होई. परंतु त्यांत एक मोठा गुण होता. प्रत्येक सांधा माणसाच्या डोळ्यांखालून जाई आणि डाखाच्या आधींच तार टोकाला घट्ट विळखा घालून बसलेली असे. डाख थोडा कच्चा राहिला तरी विळखा त्याला सांभाळून घेई.

ही पद्धत बदलण्याची कल्पना ज्यांच्या डोक्यांत आली त्यांपैकीं एक होता पॉल आइस्लर. हा १९०७ सालीं व्हिएन्ना येथें जन्मलेला ज्यू इंजिनिअर. यूरोपांत ज्यूंचा छळ वाढत असतां १९३६ सालीं तो इंग्लंडांत आला. छापखान्याच्या धंद्याची त्याला माहिती होती. पुस्तकाचें पान जसें एका दाबांत छापून निघतें, तसा विजेचा मार्गच पत्र्यावर कां छापूं नये, असें त्याच्या मनानें घेतलें. न चालणाऱ्या तक्त्याला तांब्याचा पातळ पत्रा चिकटवावयाचा, हवे तेवढेच मार्ग राखून बाकीचें तांबें रसायनानें खाऊन टाकावयाचें, अशी ती युक्ति. त्यानें असा एक रेडिओ स्वतः तयार केला; परंतु ज्या कारखान्यानें तो पाहिला त्याला त्यांत अर्थ दिसला नाहीं. मुलींकडून हातानें करून घेतलेलें काम त्यांना स्वस्त पडत होतें! १९४३ सालीं आइस्लरनें या शोधाच्या पेटंटासाठीं अर्ज केला. पुढें दुसऱ्या महायुद्धांत तोफेच्या गोळ्याच्या टोकाशीं बसविण्याच्या, लक्ष्याजवळ येतांच आपोआप स्फोट घडविणाऱ्या यंत्रासाठीं अमेरिकेंत छापील मार्गांचा उपयोग होऊं लागला. तोफेंतून सुटतांना बसणारा धक्का तारांच्या जाळ्याला कोठून सोसणार?

युद्ध संपल्यावर या विद्येला वेग आला. १९४९ सालीं अमेरिकन सैन्याच्या सिग्नल खात्यांतील मो अब्रॅमसन आणि स्टॅनिस्लाउस डँको या दोघांनीं एक नवीच रीत बसविली. तक्त्याला भोंकें पाडून त्यांत सर्व भागांचे पाय वरून घालावयाचे आणि तक्त्याची खालची बाजू वितळलेल्या डाखांत एकदांच टेकवावयाची. म्हणजे शेंकडों सांधे एका क्षणांत! १९५६ च्या सुमारास इंग्लंडांत फ्राय या धातूच्या कारखान्यानें याच्याहि पुढें पाऊल टाकलें. वितळलेल्या डाखाची एक लाट सतत उसळती ठेवावयाची आणि तक्ते तिच्या माथ्यावरून सरकत न्यावयाचे. पुढें भाग इतके बारीक झाले कीं त्यांना पायच उरले नाहींत. मग डाखाची बारीक भुकटी व फ्लक्स यांचा लेप तक्त्यावर छापून, त्यावर भाग ठेवून, तक्ता भट्टींतून फिरविण्याची पद्धत आली. आज आपल्या खिशांतील दूरध्वनि याच पद्धतीनें तयार होतो.

या प्रगतीबरोबर एक गोष्ट मात्र हातची गेली, आणि माझ्या आजच्या विषयाचें मर्म तेथेंच आहे. पूर्वीं मुलीचा हात एका सांध्यावर चुकला तर एकच सांधा बिघडे. आतां लाटेची उष्णता कमी पडली, किंवा भागांचे पाय गोदामांत पडून काळे झालेले असले, तर एका तासांत हजारों सांधे एकाच रीतीनें बिघडतात. आणि तारेचा विळखा तर गेलाच. आतां यांत्रिक बळ आणि विजेची वाट अशीं दोन्ही ओझीं एकट्या डाखाच्या खांद्यावर आलीं.

बिघडलेल्या सांध्यांच्या जातीहि अनेक. उष्णता कमी पडली तर 'थंड' सांधा होतो. त्याचा पृष्ठभाग ओबडधोबड दिसतो. धातु मळलेला असला तर डाख गोळा होऊन अलग राहतो; यालाच आपल्याकडील दुरुस्तीवाले 'ड्राय सोल्डर' म्हणतात. डाख अधिक झाला तर शेजारच्या सांध्यापर्यंत पूल बांधतो आणि भलत्याच वाटेनें वीज पळते. बारीक भागाचें एक टोक आधीं वितळलें तर द्रवाचा ताण त्या भागाला ओढून उभा करतो. कबरीवरील दगडासारखा तो दिसतो, म्हणून कारखान्यांतून त्याला तसेंच नांव पडलें आहे. कांहीं भागांच्या तर पोटाखालीं डाखाचे शेंकडों गोळे असतात. त्यांतील एखादा गोळा खालच्या लेपावर नुसताच टेकतो, एकजीव होत नाहीं. उशीवर डोकें टेकावें तसा. हा दोष डोळ्यांना दिसणेंच शक्य नाहीं; त्यासाठीं क्ष-किरण लागतात, आणि पुष्कळदां ते सुद्धां फसतात.

परंतु सर्वांत वाईट सांधा कोणता, असें कोणी विचारलें तर मी म्हणेन, जो कधीं लागतो आणि कधीं सुटतो तो. पूर्ण तुटलेला सांधा हा उघड शत्रु. तो मोजमापाच्या यंत्राला ताबडतोब सांपडतो. अर्धवट सांधा मात्र घरभेद्या. दुरुस्तीवाल्यापुढें ठेविला कीं तो निमूटपणें काम करतो आणि घरीं आणला कीं बंद पडतो. दूरचित्रवाणीचा संच अडला कीं त्याच्या पाठींत एक थाप मारावयाची, हा प्रयोग एके काळीं घरोघर चालत असे. त्या थापेनें चित्र परत येई, तें कांहीं संचाला शिस्त लागल्यामुळें नव्हे! थापेच्या धक्क्यानें सुटलेला डाख क्षणभर टेकत असे, इतकेंच.

मी ज्या शाळेंत शिक्षक होतों तेथील ध्वनिक्षेपकाला असेंच दुखणें जडलें होतें. सकाळच्या प्रार्थनेला तो ठणठणीत. भाषणें सुरू होऊन अर्धा तास झाला कीं मुका. गांवांतील दुरुस्तीवाल्यानें त्याचें झांकण काढलें, तो चालू ठेविला आणि हातांत एक साधी लांकडी पेन्सिल घेऊन तिच्या मागल्या टोकानें एकेका सांध्यावर हळूंच टिचकी मारीत तो पुढें पुढें गेला. एका ठिकाणीं खर्र असा आवाज झाला. त्यानें भिंग लावून मला दाखविलें : पायाभोंवतीं केसाएवढी एक वर्तुळाकार काळी रेघ होती. जड भागाचा तो पाय. भाग तापला कीं पाय लांबे, निवला कीं आंखुडे, आणि वर्षानुवर्षांच्या या ओढाताणीनें डाख पायापासून सुटला होता. त्यानें जुना डाख सगळा काढून टाकला, पाय खरडून लखलखीत केला, राळ लावली आणि नवा डाख दिला. "मास्तर, जुन्यावर नवा थापला तर आंतली घाण आंतच राहते," असें तो म्हणाला. पदार्थविज्ञानाच्या तासाला उष्णतेनें धातु प्रसरण पावतात हें मीं मुलांना कितीतरी वेळां शिकविलें होतें. त्याचें इतकें चांगलें उदाहरण पुस्तकांत नव्हतें.

टिचकी, भिंग, उष्ण हवा आणि थंड फवारा, हींच या शोधाचीं मुख्य हत्यारें. संशयित भागावर गार फवारा मारला आणि यंत्र चालू झालें, किंवा गरम हवा सोडली आणि बंद पडलें, तर दोष तेथेंच आसपास आहे असें समजावें. पण दोष सांपडविण्यापेक्षां तो होऊंच न देणें बरें, हें मोठ्या कारखानदारांना लवकरच कळून आलें. १९५७ सालीं अमेरिकेंतील सहा उत्पादकांनीं मिळून छापील विद्युन्मार्गांची एक संस्था स्थापिली. 'आयपीसी' या नांवानें ती पुढें जगप्रसिद्ध झाली. चांगला सांधा कोणता, चालण्याजोगा कोणता आणि टाकाऊ कोणता हें चित्रांनिशीं सांगणारें तिचें पुस्तक १९८३ सालीं निघालें, आणि जगांतील असंख्य कारखान्यांतून तें तपासनिसाच्या टेबलावर असतें. अमेरिकेच्या अंतराळसंस्थेनें, म्हणजे नासानें, तर डाख देणाऱ्या कारागिरालाच प्रशिक्षण, परीक्षा आणि प्रमाणपत्र यांचें बंधन घातलें. त्याची दृष्टि देखील तपासली जाऊं लागली. हें योग्यच झालें. अंतराळांत गेलेल्या यानावर थाप मारण्यास कोण जाणार?

याप्रमाणें पन्नास वर्षांच्या अनुभवानें कारागिरांचे हात व डोळे तयार झाले होते. चकचकीत, कडेला अलगद उतरत गेलेला, आंतल्या पायाची आकृति दाखविणारा सांधा तो चांगला, हें ठरून गेलें होतें. इतक्यांत एक मोठें स्थित्यंतर घडलें. शिसें हें विषारी आहे. टाकून दिलेल्या यंत्रांतून तें माती-पाण्यांत उतरतें आणि लहान मुलांच्या मेंदूला तर तें फारच अपायकारक ठरतें. म्हणून यूरोपीय संघानें २००३ सालीं कायदा करून १ जुलै २००६ पासून विद्युत् यंत्रांतील शिशावर बंदी घातली. विमानें, लष्करी सामुग्री यांसारख्या कांहीं वस्तू तेवढ्या वगळल्या गेल्या. आपल्या देशांतहि १ मे २०१४ पासून तशाच मर्यादा अमलांत आल्या. हेतु निःसंशय चांगला होता; पण दोन हजार वर्षांचा जोडीदार कथलापासून दूर झाला.

शिशाच्या जागीं कथलांत थोडें रुपें व थोडें तांबें मिसळण्यांत आलें. हें नवें मिश्रण सुमारें २१७ अंशांवर वितळूं लागतें. म्हणजे जुन्याहून चौतीस अंश अधिक. भट्ट्या अधिक तापवाव्या लागल्या, तक्ते व भाग भाजूं लागले. शिवाय नवा डाख चांगला असला तरी निस्तेज दिसतो. ज्या निस्तेजपणावरून तपासनीस सांधा नापास करीत, तोच आतां निरोगी सांध्याचें लक्षण ठरला, आणि जुन्या डोळ्यांना नवा धडा गिरवावा लागला.

शिशाच्या अभावानें एक जुनें भूतहि पुन्हां जागें झालें. युद्धकाळांत रेडिओच्या कांहीं भागांवरील कॅडमिअमच्या मुलाम्यांतून बारीक धातूचे केस आपोआप उगवतात, असें आढळून आलें होतें. १९४६ सालीं तें प्रसिद्ध झालें. पुढें बेल प्रयोगशाळेंतील संशोधकांना शुद्ध कथलांतूनहि असेच केस उगवलेले दिसले. हे केस शेजारच्या मार्गाला टेकले कीं घात झाला. कथलांत थोडें शिसें मिसळलें कीं यांची वाढ खुंटते, हें पुढें समजलें आणि हा प्रश्न मिटल्यासारखा झाला. तरीहि १९ मे १९९८ रोजीं 'गॅलक्सी-४' हा अमेरिकेचा दळणवळणाचा उपग्रह अशाच केसामुळें बिघडला, आणि त्या देशांतील बहुसंख्य पेजर एका क्षणांत मुके झाले. डॉक्टरांना निरोप पोंचेनात! शिसें गेल्यानंतर या केसांचा विचार पुन्हां मुळापासून करावा लागला.

त्याच संधिकालांत, २००५ च्या नोव्हेंबरांत, मायक्रोसॉफ्टनें 'एक्सबॉक्स ३६०' नांवाचें खेळाचें यंत्र बाजारांत आणलें. थोड्याच दिवसांत त्यावर तीन लाल दिवे लागून तीं यंत्रें बंद पडूं लागलीं. लोकांनीं त्यावर उपाय काढला तो असा कीं, यंत्र टॉवेलांत गुंडाळून खूप तापूं द्यावयाचें. आश्चर्य असें कीं पुष्कळदां तें चालू होई. पण थोड्या दिवसांनीं पुन्हां लाल दिवे. पाठींत थाप मारण्याचाच हा नवा अवतार! जुलै २००७ मध्यें कंपनीला त्या दोषापुरती हमी तीन वर्षांपर्यंत वाढवावी लागली आणि त्यासाठीं एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढावी लागली. पुढें २०२१ सालीं कंपनीच्याच लोकांनीं जाहीरपणें सांगितलें कीं, यंत्र वारंवार तापून निवल्यामुळें भागांच्या आंतील जोडण्याच तडकत होत्या. आमच्या ध्वनिक्षेपकाचें दुखणें तेंच, पण लाखोंच्या संख्येनें.

येथवर जें नुकसान झालें तें पैशाचें किंवा सोयीचें. आतां जी हकीकत सांगावयाची ती निराळी आहे. २८ डिसेंबर २०१४ रोजीं पहांटे इंडोनेशियांतील सुरबाया येथून एअरएशियाचें एक एअरबस विमान १६२ माणसें घेऊन सिंगापुराकडे निघालें. विमानाच्या शेंपटांत उभें सुकाणूं असतें. मोठ्या वेगांत तें प्रमाणाबाहेर वळूं नये म्हणून एक नियंत्रक बसविलेला असतो. त्या नियंत्रकाच्या सर्किट बोर्डावरील डाखाला चिरा पडल्या होत्या. एक बाजू बंद पडली तर दुसरीनें काम चालवावें म्हणून त्यांत दोन स्वतंत्र बाजू होत्या; परंतु चौकशींत असें दिसून आलें कीं चिरा दोन्ही बाजूंस होत्या. जोडी खरी, पण दोघांना रोग एकच जडलेला! विमान जमिनीवर तापतें, उंचावर थंडींत जातें. यंत्र चालू होतें, बंद होतें. या सततच्या फेऱ्यांनीं डाख थकून तडकला, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता.

त्या विमानांतील या नियंत्रकाची तक्रार त्या एका वर्षांत २३ वेळां नोंदली गेली होती, आणि दोन तक्रारींमधील अंतर कमी कमी होत चाललें होतें. दुरुस्तीच्या कारवाईनंतर, बहुधा यंत्र बंद करून पुन्हां चालू केल्यावर, तक्रार नाहींशी होई आणि विमान पुढच्या फेरीला जाई. त्या दिवशीं विमान ३२,००० फुटांवर असतां तीच सूचना पुन्हां पुन्हां, एकूण चार वेळां आली. पहिल्या तीन वेळां वैमानिकांनीं पुस्तकांतील नियमाप्रमाणें यंत्र पुन्हां चालू केलें. चौथ्या वेळेनंतर मात्र नियंत्रण-संगणकांचा विद्युत्प्रवाहच तोडणारी कळ ओढली गेली असावी, असें नोंदयंत्रावरील खुणांवरून दिसतें. तीनच दिवसांपूर्वीं, २५ डिसेंबरला, विमान जमिनीवर असतां दुरुस्तीवाल्या इंजिनिअरनें तशीच कळ ओढलेली त्या कप्तानानें पाहिली होती. जमिनीवर जी गोष्ट निर्धोक, तीच आकाशांत प्राणघातक ठरली. स्वयंचलित सुकाणूं सुटलें, विमान डावीकडे ५४ अंशांपर्यंत कललें आणि नऊ सेकंदपर्यंत त्यास कोणीं सांवरलें नाहीं. पुढें गोंधळांत विमान जवळजवळ ३८,५०० फुटांपर्यंत वर चढलें, पंखांचा आधार सुटला आणि तें समुद्रांत कोसळलें. १६२ पैकीं एकहि मनुष्य वांचला नाहीं.

इंडोनेशियाच्या चौकशीमंडळाचा अहवाल १ डिसेंबर २०१५ रोजीं प्रसिद्ध झाला. इतिहास लिहिणारानें येथें सावध राहिलें पाहिजे. चिरलेल्या डाखानें विमान पाडलें असें म्हणणें सोपें आहे, पण तें अपुरें आहे. तो नियंत्रक बंद असतांहि विमान सुखरूप उडूं शकतें. अहवालानें कारणांची सांखळीच मांडली आहे : चिरलेला डाख, वारंवार येणाऱ्या तक्रारीच्या मुळाशीं न जाणारी देखभालीची पद्धत, ओढलेली कळ, आणि मग वैमानिकांच्या हातून विमानाचा सुटलेला ताबा. यांतील एकहि दुवा नसता तर तीं माणसें सिंगापुरास पोंचलीं असतीं. या दुव्यांपैकीं सर्वांत स्वस्तांत आणि सर्वांत निवांतपणें सुधारतां येण्याजोगा दुवा मात्र पहिलाच होता. तो जमिनीवर, दिवसाउजेडीं, भिंगाखालीं सुधारतां आला असता.

मला या साऱ्या इतिहासांतून एकच गोष्ट घेण्यासारखी वाटते. यंत्र बंद करून चालू केलें आणि तें चाललें, म्हणजे तें बरें झालें असें नव्हे. थापेनें, टॉवेलानें किंवा कळ दाबून जो दोष जातो तो गेलेला नसतो, दडलेला असतो. अशी तक्रार दुसऱ्यांदां आली म्हणजे ती लिहून ठेवावी : केव्हां आली, यंत्र गरम होतें कीं गार, हललें होतें कीं स्थिर. तिसऱ्यांदां आली तर झांकण उघडून मूळ शोधण्यावांचून गत्यंतर नाहीं, असें समजावें. घरांतील मिक्सर असो, दवाखान्यांतील यंत्र असो, नियम एकच. आणि दुरुस्तीवाला जुना डाख काढून, पाय खरडून, नवा डाख देण्यासाठीं थोडे पैसे अधिक मागत असेल तर ते आनंदानें द्यावे.

आपला कासार घागरीला डाख लावल्यावर ती लगेच गिऱ्हाइकाच्या हातीं देत नसे. तींत पाणी भरून, ती बाजूला ठेवून, तो दुसरें भांडें हातीं घेई. आणि कांहीं वेळानें घागरीखालची जमीन कोरडी आहे कीं ओली, हें हातानें चांचपून पाही. जमीन ओली लागली तर तो सांधा पुन्हां पहिल्यापासून करी.